पेशी कोलॅजनला कशा धरतात आणि कशा ओढतात : प्रयोगशाळेत स्वतः करून पाहण्याची पद्धत

कोलॅजन या तंतुमय प्रथिनाच्या मऊ जेलमध्ये त्वचेच्या फायब्रोब्लास्ट (कोलॅजन बनवणाऱ्या) पेशी मिसळायच्या, जेल प्लेटमधल्या वेलच्या, म्हणजे खळग्याच्या, कडेपासून सोडवायचं आणि प्लेट इन्क्युबेटरमध्ये ठेवून घरी जायचं. दोन दिवसांत त्या पातळ चकतीचं शर्टाच्या बटणाएवढं घट्ट काहीतरी झालेलं असतं. बाहेरून कुणी दाबलेलं नसतं. आतल्या पेशींनीच एकेक तंतू पकडून स्वतःकडे ओढलेला असतो. एमआयटीतल्या यूजीन बेल यांनी सहकाऱ्यांसह १९७९ साली हे प्रसिद्ध केलं. त्याच वाटेने पुढे प्रयोगशाळेत वाढवलेली त्वचा तयार झाली. गाईच्या कोलॅजनमध्ये मानवी फायब्रोब्लास्ट घालून बनवलेलं ॲप्लिग्राफ अमेरिकेत १९९८ मध्ये पायाच्या न भरणाऱ्या जखमांसाठी मंजूर झालं.

पेशी आणि मॅट्रिक्स (पेशींभोवतीचं तंतूंचं जाळं) यांचं नातं शिकायला याच्याइतका स्वस्त प्रयोग मला दुसरा माहीत नाही. हूड, कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर, साधा इन्व्हर्टेड मायक्रोस्कोप आणि फोनचा कॅमेरा एवढ्यावर तो होतो. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच डोक्यात पक्की हवी. पेशी कोलॅजनला कशाने धरते, हा एक प्रश्न. धरल्यावर ती त्याचं काय करते, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कोलॅजनचा लेप दिलेल्या प्लॅस्टिकवर मिळतं, दुसऱ्याचं फक्त जेलमध्ये. लेपाच्या प्लेटवर काम करून दुसऱ्या प्रश्नावर निष्कर्ष काढलेले प्रबंध भरपूर सापडतात. प्लॅस्टिक पेशीच्या ओढीने तसूभरही हलत नाही, मग ओढ दिसणार कुठून? म्हणून खाली दोन्ही प्रयोग दिले आहेत, याच क्रमाने करा.

लेख एमएस्सी आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. पेशी वाढवणं, ट्रिप्सिनने सोडवणं, मोजणं एवढं येतं असं धरलं आहे.

आधी थोडी ओळख

टाइप १ कोलॅजनचा रेणू म्हणजे एकमेकींभोवती पिळलेल्या तीन साखळ्या. लांबी सुमारे ३०० नॅनोमीटर, जाडी जेमतेम दीड. प्रत्येक तिसऱ्या जागी ग्लायसीन असतं, कारण पिळाच्या आतल्या बाजूला त्याच्याहून मोठं अमिनो आम्ल मावतच नाही. हा पिळाचा नमुना मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ मध्ये मांडला. त्यासाठी त्यांनी ज्या कोलॅजनची क्ष-किरण चित्रं वापरली, त्यात ऑस्ट्रेलियाहून आलेल्या कांगारूच्या शेपटीतला कंडराही होता. आपण उंदराच्या शेपटीवर भागवणार आहोत.

आम्लात हे रेणू सुटे राहतात, कारण सगळ्यांवर धन भार येतो आणि ते एकमेकांना दूर सारतात. सामू ७.४ च्या आसपास आणला आणि तापमान ३७ अंशांवर नेलं की ते शेजारी शेजारी ठरावीक अंतराने सरकून रचले जातात आणि तंतू बनतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दर ६७ नॅनोमीटरवर दिसणारे पट्टे या सरकून बसण्यामुळेच येतात. आपलं जेल म्हणजे अशा तंतूंचं जाळं. त्याच्या वजनात ९९ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं.

पेशीच्या बाजूने पकडण्याचं काम मुख्यतः इंटेग्रिन ही पेशीच्या आवरणातली प्रथिनं करतात. प्रत्येक इंटेग्रिन म्हणजे अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांची जोडी. माणसात अल्फा साखळ्या १८, बीटा ८ आणि त्यांच्या जोड्या २४ आहेत. कोलॅजनला थेट धरणाऱ्या जोड्या चारच : अल्फा-१, अल्फा-२, अल्फा-१० आणि अल्फा-११, प्रत्येकीचा जोडीदार बीटा-१. पिळातला जीएफओजीईआर हा सहा अमिनो आम्लांचा तुकडा त्यांना ओळखू येतो, आणि तोही पिळ शाबूत असेल तरच. पकडीच्या जागी मॅग्नेशियमचा आयन लागतो. याखेरीज डीडीआर-१ आणि डीडीआर-२ हे रिसेप्टर आहेत. ते कोलॅजन ओळखतात आणि आत निरोप पाठवतात, पण ओढण्याचा मुख्य भार त्यांच्यावर नाही.

इंटेग्रिनचं शेपूट पेशीच्या आत टेलिन हे प्रथिन धरतं आणि टेलिन पेशीच्या सांगाड्यातल्या ॲक्टिनच्या धाग्यांना. मायोसिन हे मोटर-प्रथिन ॲक्टिन ओढायला लागलं की ताण टेलिनवर येतो, त्याच्या काही घड्या उलगडतात आणि विन्क्युलिन या आणखी एका प्रथिनाला बसायला जागा मोकळी होते. विन्क्युलिन आलं की पकड आणखी मजबूत. समोरचा तंतू ताठ असेल तर ताण साचतो आणि पकड वाढत जाते. तंतू ढिला असेल तर ओढीबरोबर तोच सरकत येतो आणि पकड सुटते. पेशीला आजूबाजूच्या कडकपणाची जाणीव होते ती अशी. मेंदूची ऊती एक किलोपास्कलच्याही खाली, स्नायू दहाच्या घरात. आपलं जेल काही दहा ते काहीशे पास्कल, आणि प्लॅस्टिकची प्लेट गिगापास्कलमध्ये. प्लॅस्टिकवर वाढलेला फायब्रोब्लास्ट जाड ताण-तंतूंनी (ॲक्टिनच्या जुड्यांनी) ताठलेला दिसतो, तो शरीरात सहसा तसा नसतो.

कोलॅजन : विकत घ्यावं की काढावं?

पैसे असतील तर विकत घ्या. आम्लात विरघळवलेलं, उंदराच्या शेपटीतलं टाइप १, ३ ते ४ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. बाटलीवरचा लॉट क्रमांक वहीत लिहा आणि संपूर्ण अभ्यास एकाच लॉटवर करा. पेप्सिन वापरून काढलेलं कोलॅजन वेगळं वागतं. त्याच्या रेणूंची टोकं कापली गेलेली असतात, त्यामुळे जेल उशिरा आणि कमकुवत बनतं. दोन प्रकार एकाच अभ्यासात मिसळू नका. माशाचं स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका, विशेषतः थंड समुद्रातल्या माशांचं. त्याचा पिळ ३७ अंशांना टिकत नाही. आणि औषधाच्या दुकानात प्यायला मिळणाऱ्या पावडरी म्हणजे कोलॅजनचे बारीक तुकडे. त्यांचा तंतू होत नाही, जेल तर नाहीच.

स्वतः काढायचं असेल तर दुसऱ्या मंजूर प्रयोगात आधीच मारलेल्या उंदरांच्या शेपट्या प्राणिगृहातून मागा. आपल्या संस्थेच्या प्राणी-नीती समितीला तशी नोंद देऊन ठेवा. शेपट्या उणे २० अंशांना गोठवून ठेवता येतात.

वितळलेली शेपटी ७० टक्के अल्कोहोलने पुसून कातडी सोलायची. मग टोकाकडून थोड्या अंतरावर पक्कडीने मणका मोडायचा आणि तुटलेला भाग हळूच ओढायचा. त्याच्यामागे चकचकीत पांढरे धागे येतात, तेच कंडरे. लालसर किंवा मांसल काही चिकटलं असेल तर कापून टाका. पीबीएसने (शरीरातल्या द्रवाएवढ्या क्षारतेच्या द्रावणाने) दोनतीनदा धुवा, ७० टक्के अल्कोहोलमध्ये थोडा वेळ ठेवा, मग निर्जंतुक ०.०२ मोलर ॲसेटिक आम्लात घाला. साधारण १ ग्रॅम ओल्या कंडऱ्याला १०० ते १५० मिलिलिटर. ४ अंशांना दोन दिवस मंद ढवळत ठेवलं की द्रव मधासारखा दाट होतो. न विरघळलेला भाग थंड सेंट्रिफ्यूजमध्ये सुमारे १६,००० जी वर एक तास फिरवून खाली बसवा आणि वरचा द्रव घ्या.

इथे दोन चुका नेहमी होतात. एक म्हणजे निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह करणं. त्यातून बाहेर येतं ते जिलेटिन, म्हणजे पिळ उलगडलेलं कोलॅजन. दुसरी, बारीक फिल्टरमधून दाबून काढायला बघणं; फिल्टर लगेच चोंदतो. त्यापेक्षा पहिल्यापासून सगळं हूडमध्ये, निर्जंतुक साहित्याने करा. हवंच असेल तर डायलिसिस करताना बाहेरच्या आम्लाखाली क्लोरोफॉर्मचा पातळ थर ठेवण्याची जुनी पद्धत आहे, ती चालते.

प्रमाण मोजायला नेहमीचा प्रथिनांचा बीसीए संच आणि बीएसएचं (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाचं) प्रमाणित द्रावण वापरलं तर आकडा भरवशाचा येत नाही, कारण कोलॅजनची अमिनो आम्लांची घडण बीएसएहून फार वेगळी आहे. हायड्रॉक्सिप्रोलीन (कोलॅजनमध्ये भरपूर असणारं अमिनो आम्ल) मोजा किंवा सिरियस रेड (कोलॅजनला चिकटणारा रंग) वापरा. दोन्ही जमत नसेल तर ठरावीक मापाचा द्रव वाळवून वजन करा आणि आम्लाचा कोरा नमुना सोबत वाळवा.

पहिला प्रयोग : पकड कुणाची?

९६ वेलच्या प्लेटमध्ये कोलॅजनचा लेप द्यायचा. १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटर, ४ अंशांना रात्रभर. आता यातली खरी गंमत : त्याच कोलॅजनचा एक भाग आधी वेगळा काढून ६० अंशांना अर्धा तास तापवा. पिळ उलगडतो, जिलेटिन होतं. याचाही लेप द्या. तिसऱ्या गटातल्या वेलना काहीच नाही.

सकाळी द्रव काढून टाका आणि सगळ्या वेलमध्ये, लेप नसलेल्यांतही, १ टक्का बीएसए घाला. ते ८५ अंशांना १० मिनिटं तापवून गार केलेलं हवं, म्हणजे मोकळं प्लॅस्टिक नीट झाकलं जातं. तासाभराने धुवा.

पेशी शक्य तितक्या कमी वेळात ट्रिप्सिनने सोडवा. ट्रिप्सिन जास्त वेळ राहिलं तर इंटेग्रिनच कापले जातात आणि मग पकड नाही म्हणून आपण कोलॅजनला दोष देत बसतो. ट्रिप्सिन थांबवायला सीरम वापरू नका, सोयाबीनचं ट्रिप्सिन इनहिबिटर वापरा. सीरममध्ये फायब्रोनेक्टिन हे चिकट प्रथिन असतं, ते जिलेटिनवर पटकन चिकटतं आणि पेशी कोलॅजनऐवजी त्याला धरतात. धुतलेल्या पेशी सीरम नसलेल्या माध्यमात २०-३० मिनिटं ३७ अंशांना विश्रांतीसाठी ठेवा.

मग त्यांचे भाग करा. एक तसाच. एकात ५ मिलिमोलर ईडीटीए, जे धातूचे आयन बांधून ठेवतं. एकात बीटा-१ इंटेग्रिनची पकड रोखणारं प्रतिपिंड आणि त्याच्या जोडीला त्याच जातीचं निरुपद्रवी प्रतिपिंड घातलेला आणखी एक. एकात आरजीडी (काही इंटेग्रिन ओळखतात तो तीन अमिनो आम्लांचा क्रम) असलेलं पेप्टाइड जीआरजीडीएसपी, अर्धा मिलिमोलर, आणि त्याच्या जोडीला एकच अक्षर बदललेलं जीआरजीईएसपी. पंधरा मिनिटं थांबून प्रत्येक वेलमध्ये ३०,००० पेशी घाला. इन्क्युबेटरमध्ये ४५ मिनिटं.

धुणं हाच या प्रयोगाचा नाजूक भाग. पिपेटचा झोत थेट तळावर मारला तर चिकटलेल्या पेशीही जातात. प्लेट तिरकी धरून कडेने सोडा, सगळ्या वेलना सारखंच आणि मोजून दोनदा. मग ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने १५ मिनिटं स्थिर करा, ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेटने १० मिनिटं रंगवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, वाळवा, १० टक्के ॲसेटिक आम्लात रंग उतरवा आणि ५७० ते ५९० नॅनोमीटरला वाचा.

सगळं नीट झालं तर ईडीटीए दोन्ही लेपांवर पकड सोडवतं, कारण धातूच्या आयनाशिवाय इंटेग्रिन पांगळे होतात. अखंड कोलॅजनवर बीटा-१ चं प्रतिपिंड पकड चांगलीच कमी करतं, पण आरजीडी पेप्टाइडचा फारसा परिणाम होत नाही. जिलेटिनवर मात्र तेच पेप्टाइड पकड सोडवतं. कोलॅजनच्या साखळीत आरजीडीचा क्रम आहे, पण पिळ शाबूत असेपर्यंत तो इंटेग्रिनला सापडत नाही. पिळ उलगडला की तो उघडा पडतो, आणि अल्फा-५ बीटा-१ किंवा अल्फा-व्ही बीटा-३ सारखे वेगळे इंटेग्रिन कामाला लागतात. शरीरातही हे घडतं. कोलॅजनेज एन्झाइम कोलॅजनचा रेणू एका ठरावीक जागी कापतं, पाऊण आणि पाव असे दोन तुकडे होतात, आणि ते शरीराच्या तापमानालाच उलगडतात. जखमेतली पेशी त्याच जागी उभी राहून तुटलेलं कोलॅजन आणि अखंड कोलॅजन यांतला फरक ओळखते. हे एन्झाइम ग्रॉस आणि लापिए यांनी १९६२ मध्ये बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत शोधलं. कसं, तर शेपटीचे तुकडे कोलॅजनच्याच जेलवर ठेवून, भोवतीचं जेल विरघळताना पाहून.

तुमच्या जिलेटिनच्या आणि अखंड कोलॅजनच्या वेलमध्ये आरजीडीचा परिणाम सारखाच दिसला, तर आधी आपल्या कोलॅजनवर शंका घ्या. कुठेतरी ते गरम झालं आहे. दुसऱ्या प्रयोगात ते वापरू नका, त्याचं जेल होणार नाही. खरं तर केवळ या तपासणीसाठीसुद्धा पहिला प्रयोग करावा.

दुसरा प्रयोग : जेल

पेशी कोणत्या? मानवी त्वचेचे, कमी पॅसेजचे (म्हणजे कमी वेळा सोडवून पुन्हा वाढवलेले) फायब्रोब्लास्ट सर्वांत उत्तम. नसतील तर पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशी-संग्रहातून एनआयएच ३टी३ (उंदराचे फायब्रोब्लास्ट) मागवता येतात. त्या जरा कमी ओढतात, पण शिकायला पुरेशा आहेत. हेलासारख्या उपकला-पेशींकडून फार अपेक्षा नको.

आदल्या दिवशी २४ वेलच्या प्लेटमध्ये १ टक्का बीएसए भरून ३७ अंशांना ठेवा, वापरायच्या आधी काढून वेल धुवा. जेल तळाला चिकटू नये म्हणून हे करायचं.

आता हिशेब. ६ मिलिलिटर मिश्रण करू, प्रत्येक वेलमध्ये अर्धा मिलिलिटर. त्यातून ११ वेल धरा, बाराव्याएवढं पिपेटला आणि नळीला चिकटून राहतं. कोलॅजनचं शेवटचं प्रमाण दीड मिलिग्रॅम आणि पेशी २ लाख प्रति मिलिलिटर हवेत. हाताशी ४ मिलिग्रॅमचं कोलॅजन ०.०२ नॉर्मल ॲसेटिक आम्लात आहे.

कोलॅजन : ६ × १.५ ÷ ४ = २.२५ मिलिलिटर
१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड : कोलॅजनच्या आकारमानाच्या ०.०२३ पट = ५२ मायक्रोलिटर
पेशी : १२ लाख, १ मिलिलिटर पूर्ण माध्यमात
१०एक्स (दहापट दाट) पीबीएस : ०.५ मिलिलिटर
निर्जंतुक पाणी : उरलेलं, म्हणजे २.१९८ मिलिलिटर

१०एक्स पीबीएस ०.६ नाही, ०.५ घेतलं आहे. पेशींचं १ मिलिलिटर माध्यम आधीच योग्य क्षारतेचं असतं, म्हणून दशांश फक्त उरलेल्या ५ मिलिलिटरचा. बऱ्याच जणांच्या कृतीत हा बारकावा सुटतो आणि मिश्रण उगाच खारट होतं. सोडियम हायड्रॉक्साइडचा आकडाही सुरुवातीपुरता आहे. नव्या लॉटचं थोडं मिश्रण पेशी न घालता करून पाहा, थेंब सामूच्या पट्टीवर टाका आणि ७.२ ते ७.४ येईपर्यंत मायक्रोलिटरभर कमी-जास्त करा. तो आकडा बाटलीवर लिहून ठेवा.

सगळं बर्फात. नळी, टिप, पाणी, पीबीएस, सगळंच. आधी पाणी, पीबीएस आणि हायड्रॉक्साइड एकत्र करून ढवळा. मग कोलॅजन. ते दाट असतं, टिपमध्ये चढायला वेळ घेतं, घाई केली की हवा शिरते आणि माप चुकतं. टिपचं टोक निर्जंतुक कात्रीने कापून घेतलं तर बरं. वर-खाली हळू मिसळा, व्होर्टेक्सला हात लावू नका. बुडबुडा एकदा शिरला की जेलमध्ये कायमचा. शेवटी पेशी. पेशींच्या माध्यमातल्या फिनॉल रेडचा रंग या क्षणी पाहा : फिकट गुलाबी-केशरी असेल तर ठीक, पिवळा असेल तर आम्ल उरलं आहे, जांभळट गुलाबी असेल तर हायड्रॉक्साइड जास्त झालं आणि पेशी आत्ताच मरताहेत.

लगेच वेलमध्ये ओता आणि प्लेट ३७ अंशांना न्या. एका वेलमध्ये पेशींविना जेल हवंच, त्यासाठी पेशी घालण्याआधीच थोडं मिश्रण वेगळं करून त्यात पेशींऐवजी नुसतं माध्यम घाला. पाऊण ते एक तासात जेल दुधी होतं आणि प्लेट कलती केली तरी सरकत नाही. खोलीच्या तापमानाला जेल करू नका. त्याला वेळ लागतो, तोवर पेशी तळाशी बसतात, शिवाय तंतू जाड आणि छिद्रं मोठी होतात, म्हणजे जाळंच वेगळं. ३७ अंशांना तंतू बारीक आणि घट्ट विणलेले येतात. दोन वेगवेगळ्या दिवशी केलेल्या प्रयोगांची तुलना करायची असेल तर तापमान आणि वेळ तंतोतंत तेच ठेवा.

जेल झाल्यावर वरून अर्धा मिलिलिटर कोमट पूर्ण माध्यम घाला. औषधं द्यायची असतील तर ती या माध्यमात, पण प्रमाण जेल धरून १ मिलिलिटरचं काढा. मग बारीक टिप वेलच्या कडेने एकदा गोल फिरवा आणि प्लेट हलकेच हलवा. जेल तरंगायला लागलं पाहिजे. अर्धवट सुटलेलं जेल एका बाजूने आकसून चंद्रकोर होतं आणि त्याचं क्षेत्रफळ निरर्थक ठरतं. तसं वेल सरळ बाद करा.

काही जेल मुद्दाम सोडवू नका. चिकटलेल्या जेलमध्ये पेशी ओढत राहतात, जेल हलत नाही आणि ताण साचत जातो. दोन दिवसांनी कड सोडवा : अर्ध्या तासात ते दिसण्याइतकं आकसतं. आधीपासून तरंगणाऱ्या जेलमध्ये आकसायला तास न् तास लागतात, कारण तिथे पेशी एकेक तंतू गोळा करत असतात. चिकटलेल्या जेलमध्ये ताण तयारच होता. टीजीएफ-बीटा हा वाढीचा घटक दिला तर मायोफायब्रोब्लास्टही (जास्त जोराने ओढणारे फायब्रोब्लास्ट) चिकटलेल्या, ताणलेल्या जेलमध्येच चांगले बनतात. जखमेचे व्रण आणि हाताची बोटं आत ओढून धरणारा ड्युपुट्रेन आजार यांच्या अभ्यासात म्हणून हे दुसरं रूप जास्त उपयोगी. व्रणांवर काम करणाऱ्यांनी फक्त तरंगत्या जेलवर थांबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

औषधं आणि तुलना

ओढ मायोसिनची आहे हे दाखवायला ब्लेबिस्टॅटिन, १० ते २५ मायक्रोमोलर. निळ्या प्रकाशात ते निकामी होतं आणि पेशींना विषारीही ठरतं, म्हणून प्लेट फॉइलमध्ये गुंडाळा आणि फोटोसाठी थोडाच वेळ बाहेर काढा. मायोसिनला चालना देणारं आरओसीके काइनेज हे एन्झाइम रोखायला वाय-२७६३२, १० मायक्रोमोलर. ॲक्टिनच मोडायचं तर सायटोकॅलॅसिन डी, १-२ मायक्रोमोलर. बीटा-१ चं प्रतिपिंड पहिल्या प्रयोगातलंच. ओढ वाढवायला टीजीएफ-बीटा-१, ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. प्रत्येक औषधाच्या जोडीला तेवढंच डीएमएसओ किंवा जे काही द्रावक असेल ते घातलेलं वेल.

जेल आकसलं नाही म्हणजे ओढ थांबली, असा निष्कर्ष लगेच काढू नका. पेशी मेल्या असल्या तरी जेल आकसत नाही. प्रत्येक गटातलं एक जेल शेवटी कोलॅजनेजमध्ये, १ ते २ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, ३७ अंशांना अर्धा तास विरघळवा आणि ट्रायपॅन ब्लूने जिवंत पेशी मोजा. कोलॅजनेजला कॅल्शियम लागतं, त्यात ईडीटीए पडू देऊ नका. हा आकडा नसेल तर परीक्षकाने प्रबंध परत पाठवला तरी तक्रार करू नये.

मोजणी

०, २, ४, ८, २४ आणि ४८ तासांनी फोटो. प्लेटखाली काळा कागद, शेजारी मोजपट्टी, फोन एका स्टँडवर ठरावीक उंचीला. जेल पारदर्शक दिसत असेल तर बाजूने उजेड टाका. इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं : मोजपट्टीवरून प्रमाण ठरवा, जेलभोवती लंबगोल आखा, क्षेत्रफळ घ्या.

व्यास नव्हे, क्षेत्रफळच घ्या. २४ वेलच्या प्लेटचा वेल १५.६ मिलिमीटर व्यासाचा असतो. जेल ८ मिलिमीटरवर आलं तर व्यास निम्म्याने कमी झालेला दिसतो, पण क्षेत्रफळ मूळच्या सुमारे २६ टक्केच उरतं, म्हणजे ७४ टक्के आकसलं. मोजणाऱ्याला कोणतं वेल कोणतं हे माहीत नसेल तर जास्त चांगलं. आपल्या आवडत्या औषधाचं जेल थोडं मोठं आखण्याचा मोह प्रत्येकाला होतो.

फक्त ४८ तासांचा आकडा देऊ नका. तोवर सगळी जेलं आकसण्याच्या मर्यादेला पोचलेली असतात आणि फरक पुसला जातो. ४ ते ८ तासांतला उतार जास्त बोलका असतो. पहिल्या ४ तासांतच सगळं आकसून गेलं तर पेशी निम्म्या करा किंवा कोलॅजन २ मिलिग्रॅमवर न्या.

आत डोकावणं

सोय असेल तर एक तरंगतं आणि एक चिकटलेलं जेल स्थिर करून फॅलॉइडिनने ॲक्टिन रंगवा. तरंगत्या जेलमधल्या पेशी फाटे फुटलेल्या, बारीक हातांच्या दिसतात. चिकटलेल्यातल्या लांबट आणि ताण-तंतूंनी भरलेल्या. कोलॅजनला रंग लागतही नाही, कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर परावर्तित प्रकाशात तंतू तसेच दिसतात आणि पेशीच्या टोकांशी ते गोळा झालेले, एका दिशेने वळलेले असतात. फॅलॉइडिन जेलमध्ये मुरायला वेळ लागतो, रात्रभर ४ अंशांना ठेवा.

बिघडलं तर

जेल झालंच नाही : सामू कमी, कोलॅजन फार विरळ, किंवा ते कधीतरी गरम झालं होतं. फ्रीजच्या दाराच्या कप्प्यात ठेवलेली बाटली हा नेहमीचा संशयित. नळीतच जेल झालं : बर्फ वितळला होता. पेशींविना जेलही आकसलं : पाणी उडतंय, रिकाम्या आणि कडेच्या वेलमध्ये पीबीएस भरा, इन्क्युबेटरच्या तबकातलं पाणी पाहा. पेशी जिवंत, जेल उत्तम, पण ओढ नाही : सीरम तपासा. सीरममधल्या लायसोफॉस्फॅटिडिक आम्लासारख्या घटकांशिवाय फायब्रोब्लास्ट फार कमी ओढतात. ते असूनही नाही, तर ट्रिप्सिनचा वेळ आणि पॅसेज क्रमांक पाहा.

राहिला मोजदादीचा मुद्दा, ज्यावर माझं विद्यार्थ्यांशी सर्वाधिक वाजतं. एकाच नळीतल्या मिश्रणाची सहा वेल म्हणजे सहा प्रयोग नव्हेत. तो एक प्रयोग, सहा वेळा मोजलेला. वेगळ्या दिवशी, पेशी नव्याने सोडवून, मिश्रण नव्याने करून काढलेले किमान तीन आकडे हवेत, आणि आलेखावर तेच तीन ठिपके दिसले पाहिजेत. मानवी पेशी असतील तर शक्यतो तीन वेगवेगळ्या दात्यांच्या.